अन्ननलिकेतली बुरशी : रिपोर्ट वाचून घाबरू नका, थाळी वेगळी करू नका

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मगरिबच्या नमाजनंतर शेजारचा मुलगा हातात फाईल घेऊन दारात उभा राहिला. "सर, अम्मीचा रिपोर्ट आलाय. जरा नीट वाचून सांगा." चेहरा उतरलेला. आम्ही त्याला बसवलं, पाणी दिलं आणि फाईल उघडली. त्याच्या आईला आम्ही खालाजान म्हणतो. वय पन्नाशीच्या पुढे, दम्याचा जुना त्रास, बाकी तब्येत ठणठणीत. महिनाभर त्यांना घास गिळताना छातीत दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी केली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'इसोफेजियल कॅन्डिडिआसिस'. म्हणजे अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग.

पोराने हे शब्द मोबाईलवर टाकून पाहिले होते. वर आलेल्या पहिल्याच उत्तरात 'एड्स' हा शब्द होता. झालं! डॉक्टरांची पुढची भेट व्हायच्या आत घरात कुजबुज सुरू झाली. खालाजानची थाळी वेगळी झाली, ग्लास वेगळा झाला. धाकट्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती, ती कुणाच्या कानावर जाईल म्हणून थांबवली. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना एका दस्तरखानावर बसवून जेवू घातलं, ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकटी जेवू लागली.

त्या घराची परवानगी घेऊन, नाव-गाव न देता, आम्ही हे लिहितो आहोत. कारण असा रिपोर्ट उद्या आपल्यापैकी कुणाच्याही घरात येऊ शकतो. त्याचा अर्थ काय आणि काय नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. आम्ही डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आणि वाचून पडताळलेलं सोप्या भाषेत सांगणं हे शिक्षकाचं काम आहे, एवढ्या हक्काने सांगतो.

ही बुरशी येते कुठून?

उर्दूत फफूंद, मराठीत बुरशी. शब्द ऐकला की शिळ्या पावावरचा हिरवट थर आठवतो आणि किळस येते. पण ही बुरशी त्या जातीची नाही. तिचं नाव कॅन्डिडा. ती एक प्रकारची यीस्ट आहे. म्हणजे आपण खमिरी रोटीला जे खमीर वापरतो, त्याची दूरची नातेवाईक समजा. म्हणून खमिरी रोटी किंवा पाव खाल्ल्याने हा आजार होतो असं मात्र नाही; दोन्ही यीस्ट वेगवेगळ्या. लॅटिनमध्ये कॅन्डिडा म्हणजे पांढरी. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी कधी दह्यासारखा पांढरा थर बसतो आणि पुसला तरी सहज निघत नाही, ती बहुतेक वेळा हीच.

मुख्य मुद्दा लक्षात घ्या. ही बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि कातडीवर कायम राहत असते. ती बाहेरून आलेली शत्रू नाही, घरातलीच भाडेकरू आहे. जोपर्यंत घरमालक जागा आहे तोपर्यंत ती गुपचूप राहते.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिथे बुरशीला सहसा जम बसवता येत नाही, कारण पहारा कडक असतो. लाळ सतत खाली वाहते आणि नळी धुऊन काढते. स्नायूंच्या लाटा अन्नाला खाली ढकलतात, काही साचू देत नाहीत. आतलं अस्तर अखंड असतं. तोंडातले उपकारक जिवाणू बुरशीला जागा देत नाहीत. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला शरीराच्या संरक्षक पेशी असतात. या पाचपैकी एखादा पहारेकरी जरी ढिला पडला, तरी भाडेकरू हातपाय पसरते. तेवढ्यासाठी संपूर्ण रोगप्रतिकारशक्ती कोसळावी लागत नाही.

मग एड्सचं नाव कुठून आलं?

हे नाव उगाच आलेलं नाही, तेही समजून घेऊ. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण रुग्णांची माहिती तिथल्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात छापून आली. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्या आजाराची ती पहिली नोंद. त्या पाचही जणांना दुर्मीळ न्यूमोनियाबरोबर कॅन्डिडाचा संसर्गही होता. एचआयव्हीचा विषाणू शरीराच्या ज्या पेशी मारतो, त्याच पेशी या बुरशीला आवर घालत असतात. त्यामुळे एचआयव्ही खूप वाढलेल्या रुग्णांत अन्ननलिकेतली बुरशी वारंवार दिसू लागली आणि एड्स ओळखण्याच्या खुणांच्या यादीत ती जाऊन बसली. कॅन्सरची केमोथेरपी घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, यांनाही ती होते.

पण उलटा हिशेब चुकीचा आहे. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, हे खरं. म्हणून रस्ता ओला दिसला की पाऊसच पडला असं नाही. टँकर गळला असेल, कुणी सडा टाकला असेल. बुरशी सापडली म्हणजे एड्सच, असं म्हणणं हे त्यातलंच. शिवाय हा आजार एड्सच्या फार आधीपासून वैद्यकाला ठाऊक आहे. १८३९ मध्येच लँगेनबेक या जर्मन डॉक्टरांनी तापाच्या एका रुग्णाच्या अन्ननलिकेत अशी बुरशी पाहून लिहून ठेवली होती.

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांना का होते?

डॉक्टर सहसा पुढची कारणं शोधतात. त्यातली बरीचशी आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातच असतात.

दम्याचा पंप : रोज घ्यायच्या बहुतेक पंपांत स्टेरॉइड असतं. ते फुफ्फुसासाठी चांगलं औषध आहे. पण पंप थेट तोंडात मारला की औषधाचा बराचसा भाग घशावरच बसतो आणि गिळला जातो. तिथली संरक्षण व्यवस्था तेवढ्यापुरती मंदावते आणि बुरशीचं फावतं. बाकी शरीर ठणठणीत असलं तरी हे होऊ शकतं.

अँटिबायोटिक : या औषधांनी रोगाच्या जिवाणूंबरोबर उपकारक जिवाणूही मरतात. रिकामी झालेली जागा बुरशी घेते. साध्या सर्दीला मेडिकलमधून स्वतःच आणून खाल्लेल्या गोळ्या इथे महागात पडतात.

ॲसिडिटीच्या गोळ्या : ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. त्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत या संसर्गाचा संबंध आढळला आहे. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी आपण दोन वर्षं चालू ठेवतो, ही आपल्याकडची सवयच आहे.

शुगर : मधुमेह ताब्यात नसेल तर बुरशीला खुराक मिळतो आणि संरक्षक पेशींची ताकदही घटते. काही लोकांना आपल्याला शुगर आहे, हे अशा एखाद्या संसर्गामुळेच पहिल्यांदा कळतं.

नळीचाच दोष : काहींच्या अन्ननलिकेच्या स्नायूंची हालचाल मंद असते, किंवा खालचं तोंड नीट उघडत नाही. अन्न साचतं आणि साचलेल्या जागी बुरशी वाढते.

स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं : सांधेदुखीला, अंगदुखीला, वजन वाढवायला कुणी नुसत्या पुड्या बांधून दिल्या, आणि दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर सावध व्हा. नाव नसलेल्या अशा पुडीत स्टेरॉइड असू शकतं. डॉक्टरांनी विचारलं की ही पुडी लपवू नका, सोबत घेऊन जा.

याशिवाय वाढतं वय, बिडी-सिगारेट, दारू ही कारणंही आहेत. रात्री न काढता घातलेल्या कवळीखाली ही बुरशी तोंडात वाढते, तेही लक्षात ठेवा. आणि काही माणसांत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. तेव्हा त्यातून भलताच अर्थ काढायची गरज नाही.

लक्षणं कोणती?

गिळताना दुखणं हे मोठं लक्षण. पाणी किंवा चहा घेतला तरी छातीच्या हाडामागे जळत, टोचत जातं. घास अडकल्यासारखा वाटतो. काहींना मळमळ होते, भूक कमी होते. तोंडात पांढरे चट्टे असतीलच असं नाही. तोंड स्वच्छ दिसत असतानाही खाली अन्ननलिकेत बुरशी असू शकते. काही जणांना तर काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली आणि बुरशी दिसली, असंही घडतं.

पण गिळताना दुखतं म्हणजे बुरशीच, असंही नाही. जठरातलं आम्ल वर येणं, ॲलर्जीची सूज, विषाणूचा संसर्ग ही कारणं असू शकतात. गोळी पाण्याशिवाय गिळून लगेच आडवं झाल्यावर ती नळीत चिकटते आणि जखम करते, डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळीने हे सर्रास होतं. आणि कधी कधी कॅन्सरही असतो. म्हणून आधी भाकरी अडकते, मग भातही अडकू लागतो, वजन उतरतं, उलटीत रक्त येतं किंवा शौच काळी होते, यातलं काही दिसलं तर एक दिवसही घालवू नका. घरगुती काढे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

दुर्बिणीची तपासणी आणि रिपोर्टमधले शब्द

एंडोस्कोपीला लोक फार घाबरतात. त्यासाठी काही तास उपाशी राहावं लागतं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, गरज पडली तर झोपेचं औषध देतात. मग बोटाएवढी जाड, लवचीक नळी तोंडातून आत सोडतात. तपासणी काही मिनिटांत आटोपते. बुरशी असेल तर आतल्या गुलाबी अस्तरावर पांढरे, पिवळसर ठिपके चिकटलेले दिसतात. तिथलं थोडं खरवडून किंवा छोटा तुकडा घेऊन लॅबमध्ये पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे लांब धागे दिसले की निदान पक्कं होतं. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचाच संशय आहे, असं समजू नका.

रिपोर्टमध्ये 'कोडसी ग्रेड' असा शब्द आणि पुढे आकडा असू शकतो. १९७६ मध्ये कोडसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतवारी मांडली. ग्रेड १ म्हणजे दोन मिलिमीटरपर्यंतचे थोडे ठिपके. ग्रेड २ म्हणजे त्याहून मोठे आणि जास्त ठिपके. ग्रेड ३ मध्ये ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे होतात आणि जखमाही दिसतात. ग्रेड ४ मध्ये याबरोबर नळी अरुंद होऊ लागते किंवा अस्तर नाजूक होऊन पटकन रक्त येतं. खालाजानचा ग्रेड २ होता. घरच्यांनी तो कॅन्सरची 'दुसरी स्टेज' समजून वेगळंच रडणं मांडलं होतं. हा ग्रेड आणि कॅन्सरची स्टेज यांचा काडीचाही संबंध नाही.

औषध आहे, आणि ते लागू पडतं

यावर मुख्य औषध फ्लुकोनॅझोल. हे काही नवं, दुर्मीळ किंवा महागडं औषध नाही, १९९० च्या सुमारापासून जगभर वापरात आहे. अन्ननलिकेच्या संसर्गात ते सहसा रोज एकदा, १४ ते २१ दिवस देतात. बहुतेकांना आठवड्याभरातच गिळणं सोपं होतं. आणि इथेच लोक चूक करतात. बरं वाटलं की गोळ्या बंद! कोर्स अर्धा सोडला तर बुरशी परत येऊ शकते.

मेडिकलवाल्याकडून १५० ची एकच गोळी आणून खाणं, हाही उपाय नाही. ती एका गोळीची पद्धत स्त्रियांच्या योनीमार्गाच्या साध्या संसर्गासाठी आहे. तोंडात लावायचं औषध अन्ननलिकेपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून प्रमाण आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे.

डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांचा जोर फ्लुकोनॅझोलमुळे वाढतो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा हृदयाची, कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर सांगा. गरोदरपण किंवा लिव्हरचा त्रास असेल तर तेही सांगा. काही त्रास नसताना योगायोगाने बुरशी दिसली असेल, तर औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर बघून ठरवतात.

पण नुसत्या गोळीने काम संपत नाही. कारण शोधलं नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा तेच. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं ते होतं.

पंप बंद करू नका, पंपानंतर चूळ भरा

खालाजानच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "पंप कसा घेता?" त्या थेट तोंडात मारत होत्या आणि तसंच झोपत होत्या. त्यात सर्दीसाठी लागोपाठ दोनदा अँटिबायोटिक झालेलं. शिवाय ॲसिडिटीची गोळी तीन वर्षं रोज सकाळी, कुणालाही न विचारता. तीन कारणं एकाच घरात निघाली.

हे ऐकल्यावर घरचे म्हणाले, "मग पंपच बंद करून टाकू." ही सगळ्यात घातक चूक. बुरशीवर औषध आहे. पण बंद केलेल्या पंपामुळे दम्याचा जोराचा झटका आला तर जीव जाऊ शकतो. पंप बंद करायचा नाही, घ्यायची पद्धत सुधारायची. पंपाला स्पेसर लावला, म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, तर औषध घशावर कमी बसतं आणि फुफ्फुसात जास्त जातं. पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही.

आपल्यासाठी तर हे किती सोपं आहे! वजूत तीनदा चूळ भरतोच. सकाळचा पंप फजरच्या वजूच्या आधी आणि रात्रीचा इशाच्या वजूच्या आधी घ्यायचा, मग वजूला बसायचं आणि चूळ भरताना गुळण्याही करायच्या. वेगळी आठवण ठेवायला नको. खालाजानना डॉक्टरांचं बोलणं नाही, पण ही युक्ती मात्र लगेच पटली.

रमजानमध्ये दिवसातून दोनदा घ्यायचा पंप सहरीची वेळ संपण्याआधी आणि इफ्तारनंतर असा बसवता येतो. गुळण्याही त्याच वेळी होतात, म्हणजे रोज्यात घशात पाणी जाण्याची भीती नाही. फ्लुकोनॅझोल दिवसातून एकदाच असतं, तेही जमतं. पण रोज्यात दम लागला तर आराम देणारा पंप तत्काळ घ्यायचा, वाट पाहायची नाही. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीननेच दिली आहे. गिळता येत नसताना हट्टाने रोजे धरून तब्येत आणखी बिघडवू नका. मसल्याबद्दल शंका असेल तर जाणत्या आलिमना विचारा आणि औषधाबद्दल डॉक्टरांना.

भिवंडी-मालेगावात लूमवर कापसाच्या धुळीत उभं राहून छाती भरलेली कितीतरी माणसं आहेत. तिथल्या मोहल्ल्यांत हे चूळ भरण्याचं साधं ज्ञान पोचलं, तरी खूप झालं.

एचआयव्हीची तपासणी आणि ती वेगळी थाळी

आता नाजूक मुद्दा. डॉक्टर या रुग्णाला एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात अपमान मानू नका. शुगरची तपासणी सुचवतात तशीच ही. एखादं कारण वगळायचं असेल तर तपासावं लागतं. सरकारी दवाखान्यांच्या समुपदेशन केंद्रांत ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे ती माणसाच्या संमतीनेच करायची असते आणि निकाल गुप्त ठेवायचा असतो. खालाजानची तपासणी झाली. निकाल निगेटिव्ह आला, शुगरही नॉर्मल निघाली.

घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण आम्हाला एक गोष्ट बोचली, ती इथे लिहायलाच हवी. समजा निकाल पॉझिटिव्ह आला असता, तर ती वेगळी थाळी योग्य ठरली असती का? मुळीच नाही. एकत्र जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही पसरत नाही. त्यावरची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारी माणसं दीर्घ आयुष्य जगतात. कॅन्डिडाची बुरशी तर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडात आधीपासून आहेच. मग थाळी वेगळी करून आपण नक्की कुणाला वाचवत होतो? आजारी माणसाची विचारपूस करणं हा आपल्याकडे हक्क मानला जातो. आणि आपण मात्र रिपोर्टवरून माणसाच्या चारित्र्याचा निकाल लावून मोकळे होतो.

खालाजानने २१ दिवस गोळ्या पूर्ण घेतल्या. पंपाला स्पेसर आला. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. महिनाभरानंतर त्यांच्याकडे गेलो तेव्हा सगळे एका दस्तरखानावर बसले होते, खालाजान मधोमध. मुलीच्या रिश्त्याची बोलणीही पुन्हा सुरू झाली आहेत. त्या हसून म्हणाल्या, "सर, बीमारी तो इक्कीस दिन में गई, लेकिन वो अलग थाळी मुझे याद रहेगी."

बुरशी गोळीने जाते. ती थाळी मात्र आपल्याच हातात असते. म्हणून उद्या तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर मोबाईल बाजूला ठेवा, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि पेशंटसोबत डॉक्टरांकडे जा. आणि घरी परतल्यावर त्याच थाळीत जेवा. अल्लाह सगळ्या आजारी भावा-बहिणींना शिफा देवो.